रविवार कुठे उगवतो?

भूगोलातील गमतीजमती हा विषय आपण सहसा मुलांसाठी राखून ठेवतो. धर्मग्रामाच्या सणानिमित्त प्रश्नमंजूषा असली, की जगातील सर्वांत लहान देश कोणता, सर्वांत लांब नदी कोणती, असे प्रश्न विचारले जातात. ज्यांना उत्तरे पाठ असतात ती मुले हात वर करतात, टाळ्या मिळवतात आणि विषय तिथेच मिटतो. सर्वांत लहान देशाचे उत्तर तर आपल्या मुलांना प्रश्न पुरा होण्याआधीच ठाऊक असते. परंतु भूगोलात असेही काही प्रश्न आहेत, जे गंमत म्हणून सुरू होतात आणि पाहता पाहता आपल्या प्रार्थनापुस्तकापर्यंत येऊन पोहोचतात. त्यांतला एकच आम्ही येथे घेतला आहे. पृथ्वीवर रविवार पहिल्यांदा कुठे उगवतो?

प्रश्न पोरकट वाटेल, पण क्षणभर थांबून पाहावे. दिवस आपल्याला सूर्याने दिला, महिना चंद्राने दिला, वर्ष ऋतूंनी दिले. आठवड्याच्या पाठीमागे मात्र आकाशात काहीच नाही. सातांची ही साखळी माणसांनी केवळ मोजत मोजत, पित्याने पुत्राला सांगत, पिढ्यान्पिढ्या वाहून आणली आहे. अमावास्या चुकली तर चंद्राकडे पाहून सुधारता येते. रविवार चुकला तर तो सुधारण्यासाठी वर पाहण्याचा उपयोग नाही, शेजाऱ्यालाच विचारावे लागते. आणि आपली तिसरी आज्ञा तर याच दिवसावर उभी आहे. म्हणून रविवार खरोखर कोणता, हे कोणी ठरवले आणि ते ठरवताना कोठे कोठे गोंधळ झाला, याची हकिकत श्रद्धावंत माणसाला केवळ करमणुकीची वाटू नये, असे आम्हांला वाटते. करमणूक तीत भरपूर आहे, हे खरेच.

जुन्या दर्यावर्दींना दिवसांचे मोठे अप्रूप होते. समुद्रात नवी भूमी दिसली, की त्या दिवशी पंचांगात जो सण असेल त्याचे नाव तिला देऊन ते मोकळे होत. ३ नोव्हेंबर १४९३ रोजी कोलंबसाला कॅरिबियन समुद्रात एक डोंगराळ बेट दिसले. तो रविवार होता, म्हणून बेटाचे नाव पडले डॉमिनिका, म्हणजे प्रभूचा दिवस. आमच्याकडे घरोघरी एखादा डॉमिनिक असतो. त्याचे नाव आणि त्या देशाचे नाव एकाच लॅटिन शब्दाची लेकरे आहेत. १४९७ च्या डिसेंबरात वास्को द गामा हिंदुस्थानच्या वाटेवर आफ्रिकेच्या दक्षिण किनाऱ्याने चालला असताना ख्रिस्तजन्माचा सण आला, आणि त्या किनाऱ्याला त्याने नाताळ म्हटले. गांधीजींच्या चरित्रात भेटणारा तो नाताळ प्रांत आणि आपण पंचवीस डिसेंबरला साजरा करतो तो नाताळ हा शब्द, दोन्ही एकाच पोर्तुगीज भाषेतून आलेले आहेत. १७२२ साली डच कप्तान याकोब रोखेव्हेन याला ५ एप्रिल रोजी पॅसिफिक महासागरात एक एकाकी बेट लागले. तो पुनरुत्थानाचा रविवार होता, म्हणून ते ईस्टर बेट झाले. बेटावर आधीपासून माणसे राहत होती आणि आज ईस्टर आहे याची त्यांना काहीच वार्ता नव्हती, हा भाग निराळा.

अशा रीतीने जगाच्या नकाशावर सणांची नावे लिहीत जाणाऱ्या याच लोकांच्या हातून एक अख्खा दिवस निसटून गेला.

मॅगेलनच्या सफरीची गोष्ट आपण शाळेत शिकतो. २० सप्टेंबर १५१९ रोजी स्पेनच्या किनाऱ्यावरून पाच गलबते आणि सुमारे अडीचशे माणसे पश्चिमेकडे निघाली. अमेरिकेच्या दक्षिण टोकाला वळसा घालून ती पॅसिफिकमध्ये शिरली. स्वतः मॅगेलन २७ एप्रिल १५२१ रोजी फिलिपाईन्समधील माक्तान बेटावरील चकमकीत मारला गेला. शेवटी ‘व्हिक्टोरिया’ हे एकच गलबत हुआन सेबास्तियान एल्कानो याच्या हाताखाली आफ्रिकेला वळसा घालून परतीला लागले. जुलै १५२२ मध्ये उपासमारीने जेरीस आलेले हे लोक केप व्हर्द बेटांपाशी थांबले. ती बेटे पोर्तुगीजांची, म्हणजे प्रतिस्पर्ध्यांची. तेव्हा तांदूळ आणण्यासाठी होडी धाडताना मोठी खबरदारी घ्यावी लागली. होडीतल्या माणसांना आणखी एक काम सांगितले होते: किनाऱ्यावर आज वार कोणता आहे, तेवढे विचारून या.

उत्तर आले, गुरुवार. गलबतावर तर बुधवार होता.

सफरीची रोजनिशी लिहिणारा इटालियन गृहस्थ आंतोनियो पिगाफेत्ता याला हे पटेना. तो आजारी पडला नव्हता आणि त्याने एकही दिवस नोंदीविना जाऊ दिला नव्हता. गलबताच्या सुकाणूदाराची नोंदही त्याच्याशी जुळत होती. दोघेही अचूक, आणि तरीही एक दिवस कमी! आजच्या माणसाला ही गंमत वाटेल. त्या अठरा माणसांना, कारण अडीचशेंपैकी तेवढीच त्या गलबतावरून स्पेनला पोहोचली, तो पापपुण्याचा प्रश्न वाटला. हिशेब उघड होता. पंचांग एक दिवसाने मागे पडले असेल, तर ज्या दिवशी मांस वर्ज्य करावयाचे त्या शुक्रवारी आपण मांस खाल्ले आणि प्रभूच्या पुनरुत्थानाचा सण सोमवारी केला. समुद्रावर उंदीर आणि भिजवलेले चामडे खाऊन जगलेल्या माणसांनी शुक्रवारच्या मांसाची काळजी करावी, याचे कोणाला हसू येईल. आम्हांला मात्र त्यात त्या काळच्या साध्या खलाशांच्या श्रद्धेचे मोठे हृद्य दर्शन घडते. ८ सप्टेंबर रोजी गलबत सेव्हिलच्या धक्क्याला लागले, आणि दुसऱ्या दिवशी ही माणसे अंगावर केवळ सदरा, पाय अनवाणी आणि हातात पेटती मेणबत्ती अशी दोन देवळांत पवित्र मरियेच्या दर्शनाला चालत गेली. सागरात केलेला नवस त्यांनी फेडला.

हरवलेल्या दिवसाचे कोडे राजदरबारात गेले. पीटर मार्टिर हा बखरकार खलाशांची मोजणी चुकली असावी असे समजून त्यांना पुन्हा पुन्हा विचारीत राहिला. अखेरीस व्हेनिसचा त्या दरबारातील वकील गास्पारो कोंतारिनी याने त्याचा उलगडा केला. खलाशांचे काहीही चुकले नव्हते. सूर्य पूर्वेकडून पश्चिमेकडे जातो, आणि ते तीन वर्षे त्याच्याच दिशेने त्याचा पाठलाग करीत होते. त्यामुळे त्यांचा प्रत्येक दिवस घरी राहिलेल्यांच्या दिवसापेक्षा किंचित लांब होत गेला, सरासरी काढली तर रोज सव्वा मिनिटाच्या आसपास. हे सव्वा सव्वा मिनिट साचत साचत चोवीस तास झाले. पृथ्वीला पूर्ण फेरा घालणाऱ्याने सूर्योदय एकाने कमी पाहिलेला असतो. हाच कोंतारिनी पुढे १५३५ मध्ये कार्डिनल झाला आणि ख्रिस्तसभेच्या सुधारणेसाठी झटणाऱ्यांत त्याचे नाव अग्रभागी राहिले. हे तत्त्व त्याच्याही आधी दीडशे वर्षे, चौदाव्या शतकात, फ्रान्समधील निकोल ओरेम या पंडिताने घरबसल्या मांडले होते. एक माणूस पूर्वेला पृथ्वीप्रदक्षिणा करील, दुसरा पश्चिमेला, तिसरा घरीच बसेल, आणि तिघे पुन्हा भेटतील तेव्हा तिघांची दिवसांची मोजणी तीन प्रकारची निघेल. वाराचे नाव कोठे तरी बदलावे लागेल, असेही त्याला उमगले होते. पृथ्वीला फेरा घालून आलेला एकही माणूस तेव्हा जगात नव्हता. ओरेम पुढे लिझ्यू येथे बिशप झाला.

ज्यूल व्हर्नने १८७३ साली याच गमतीवर एक कादंबरी बेतली. तीतला फिलियस फॉग ऐंशी दिवसांत जगाची फेरी करण्याची पैज लावतो, वाटेत मुंबईला उतरतो, बुंदेलखंडात एका तरुण विधवेला सती जाण्यापासून वाचवतो आणि लंडनला परतल्यावर आपण पैज हरलो म्हणून खिन्न होऊन बसतो. तो पूर्वेकडे निघालेला असल्यामुळे त्याच्या हिशेबात एक दिवस जास्त झालेला असतो. ही गोष्ट त्याला कळते कशी? त्याचा नोकर धन्याचे लग्न उद्या, सोमवारी, लावण्याची विनंती करायला धर्मोपदेशकाकडे जातो, आणि ते सांगतात की उद्या तर रविवार आहे. शास्त्रज्ञ, घड्याळजी, आगगाडीवाले या सर्वांना सोडून व्हर्नने हा निर्णय धर्मोपदेशकाच्या तोंडी घातला, हे आम्हांला फार समर्पक वाटते.

व्हिक्टोरियाचे खलाशी घरी परतले, त्यांनी वार दुरुस्त केला आणि प्रश्न मिटला. पण जे तिकडेच राहिले त्यांचे काय? युरोपातून आशियात जाण्याच्या वाटा दोन होत्या. पोर्तुगीज आफ्रिकेला वळसा घालून पूर्वेकडे आले. लिस्बनचा रविवार त्यांनी गोव्याला आणला, गोव्याहून मलाक्क्याला आणि तेथून चीनच्या किनाऱ्यावर मकाऊला नेला. स्पॅनिश लोक पश्चिमेकडून, मेक्सिकोमार्गे, १५६५ साली फिलिपाईन्समध्ये ठाण मांडून बसले. त्यांनी आपला रविवार पॅसिफिक ओलांडून आणला. दक्षिण चीन समुद्राच्या एका काठावर मकाऊ, दुसऱ्या काठावर मनिला. दोन्हीकडे तीच लॅटिन मिस्सा, तेच संत, तेच सण, आणि १५८० नंतर तर राजाही एकच. फक्त मकाऊला रविवार असला, की मनिलाला शनिवार असे.

होसे दे आकोस्ता या येशूसंघी लेखकाने १५९० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात याचा एक मासला दिला आहे. आलोन्सो सांचेझ हे येशूसंघी धर्मगुरू मनिलाहून मकाऊला गेले. त्यांच्या मोजणीने तो २ मे, म्हणजे संत अथानासियस यांचा दिवस, आणि त्याप्रमाणे ते आपली नित्य प्रार्थना म्हणण्याच्या तयारीत होते. पाहतात तो मकाऊचे ख्रिस्ती बांधव ३ मेचा, पवित्र क्रुसाच्या शोधाचा सण साजरा करीत आहेत. (हा सण रोमन पंचांगात १९६० पर्यंत होता.) एकाच संघाचे दोन धर्मगुरू एकाच वेदीपाशी उभे, आणि दोघांचे संत वेगळे!

याहून विलक्षण गोष्ट फिलिपाईन्समधील पहिल्या मिस्सेची. ती ३१ मार्च १५२१ रोजी, ईस्टरच्या रविवारी, लिमासावा बेटावर मॅगेलनबरोबरच्या धर्मगुरूंनी अर्पण केली. तिची पाचशे वर्षे २०२१ साली त्या देशाने मोठ्या भक्तिभावाने साजरी केली. आता त्या बेटाचा वार गोव्याच्या आणि मकाऊच्या हिशेबाने मोजला, आज फिलिपाईन्समध्ये तोच हिशेब चालतो, तर त्या सकाळी रविवार नव्हताच. सोमवार होता, आणि तारीख होती १ एप्रिल. खलाशांना वाटणारी भीती या अर्थाने अगदी खरी होती. मग ती मिस्सा कमी पवित्र ठरते काय? त्या दिवशी क्रुसापुढे गुडघे टेकणाऱ्यांना पंचांगाने साथ दिली की नाही, हा प्रश्नच आम्हांला गौण वाटतो. त्यांच्यापाशी जो रविवार होता तो त्यांनी प्रभूला दिला.

फिलिपाईन्समधील ख्रिस्ती लोक पुढे पावणेतीनशेहून अधिक वर्षे हाच रविवार पाळीत राहिले. मेक्सिको १८२१ साली स्पेनपासून स्वतंत्र झाला, मनिलाचा व्यापार चीनकडे आणि शेजारच्या देशांकडे वळला, आणि एका दिवसाचे अंतर नडू लागले. तेव्हा गव्हर्नर जनरल नार्सिसो क्लावेरिया यांनी आर्चबिशपांच्या संमतीने फर्मान काढले: मंगळवार, ३१ डिसेंबर १८४४ हा दिवस रद्द. सोमवारी, ३० डिसेंबरला रात्री लोक झोपले ते बुधवारी, १ जानेवारी १८४५ रोजी उठले. ३१ डिसेंबर हा संत सिल्व्हेस्टर यांचा दिवस. त्या वर्षी मनिलात तो उजाडलाच नाही. (याच क्लावेरियांनी १८४९ मध्ये आडनावांची भली मोठी यादी छापून ती लोकांना वाटली. फिलिपिनो माणसाचे आडनाव स्पॅनिश का, याचे उत्तर बऱ्याच अंशी त्या यादीत आहे. माणसाचे नाव आणि त्याचा वार, दोन्हींवर एकाच अधिकाऱ्याची मोहर!)

येथे चाणाक्ष वाचकाला पोप ग्रेगरी तेरावे यांची आठवण होईल. त्यांनी १५८२ साली पंचांग सुधारताना दहा तारखा गाळल्या. ४ ऑक्टोबरनंतर एकदम १५ ऑक्टोबर आला. आविलाच्या संत तेरेजा नेमक्या त्याच रात्री प्रभुचरणी गेल्या, म्हणून त्यांचा सण आपण १५ ऑक्टोबरला करतो. तथापि दोन गोष्टींत एक मोठा भेद आहे. पोप महोदयांनी तारखा गाळल्या, वार गाळला नाही. ४ ऑक्टोबर गुरुवार होता आणि १५ ऑक्टोबर शुक्रवार. सातांची साखळी एका कडीनेही तुटू दिली नाही. क्लावेरियांनी एकच दिवस गाळला, पण त्यामुळे साखळी तुटली. १८४४ च्या अखेरच्या आठवड्यात मनिलात सहाच दिवस होते.

सहा दिवसांचा आठवडा आहे, तसा आठ दिवसांचाही आहे. अलास्का हा प्रदेश रशियनांनी पूर्वेकडे सरकत सरकत, सायबेरिया ओलांडून घेतला होता, त्यामुळे तेथे आशियाचा वार चाले. १८६७ साली तो अमेरिकेने विकत घेतला. सिटका गावात शुक्रवार, ६ ऑक्टोबर संपला आणि दुसऱ्या दिवशी उजाडला पुन्हा शुक्रवार, तारीख १८ ऑक्टोबर. रशियाचे जुने पंचांग आणि आशियाचा वार, दोन्ही एकाच रात्री बदलले. रशियन लोक आपल्या देवळात रविवारची उपासना करीत, तेव्हा नव्या अमेरिकन रहिवाशांचा शनिवार चालू असे. त्या खरेदीमुळे बेरिंगच्या सामुद्रधुनीत जी सीमा आखली गेली, तिच्या दोन बाजूंना दोन डायोमीड बेटे आहेत, मोठे रशियाचे आणि धाकटे अमेरिकेचे. मध्ये चार किलोमीटरही पाणी नाही, आणि घड्याळात हिवाळ्यात २१ तासांचे अंतर. धाकट्या डायोमीडवर रविवारी सकाळी उभे राहून समोर पाहावे, तर तिकडे सोमवार दिसतो.

ही जी वार बदलणारी रेषा नकाशात पॅसिफिकच्या मधोमध दिसते, तिला कोणत्याही आंतरराष्ट्रीय कराराचा आधार नाही, हे पुष्कळांना ठाऊक नसते. १८८४ साली वॉशिंग्टनमध्ये पंचवीस राष्ट्रांचे प्रतिनिधी जमले. त्यांनी ग्रीनिचचे शून्य रेखावृत्त मान्य केले, पण वाराची रेषा कोठे असावी हे ठरवले नाही. ज्या त्या देशाने आपला वार आपणच निवडायचा. नकाशे काढणारे त्याप्रमाणे रेषा वाकवतात.

किरिबाती या छोट्या बेटराष्ट्राने हेच केले. ते १९७९ साली स्वतंत्र झाले तेव्हा ती रेषा देशाच्या पोटातून जात होती. राजधानीत सोमवार, तर पूर्वेकडच्या बेटांवर रविवार. सरकारी कामासाठी आठवड्यातून चारच दिवस दोन्हीकडे सारखे मिळत. १९९४ संपून १९९५ लागताना पूर्वेकडच्या बेटांनी एक दिवस सोडून दिला आणि नकाशातील रेषेला तिकडे भला मोठा फुगवटा आला. त्या फुगवट्यात किरितिमाती नावाचे बेट आहे. कप्तान कुक १७७७ च्या नाताळच्या आदल्या दिवशी तेथे पोहोचला, म्हणून ते ख्रिसमस बेट. (हिंदी महासागरात दुसरे एक ख्रिसमस बेट आहे. त्याला १६४३ च्या नाताळात नाव मिळाले.) किरितिमाती हाही ख्रिसमस याच शब्दाचा अवतार. त्या भाषेच्या वर्णमालेत ‘स’ला स्वतंत्र अक्षर नाही, दोन अक्षरे जोडून तो लिहितात, आणि आपण परके लोक त्याला ‘ती’ वाचतो. या बेटावर लंडन नावाचे गाव आहे, आणि खाडीच्या तोंडाशी पलीकडे पॅरिस होते, आता ते ओसाड आहे. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास एमान्युएल रूझिए या फ्रेंच धर्मगुरूंनी हे बेट पट्ट्याने घेऊन तेथे नारळाची बाग लावली, आणि आपल्या राहण्याच्या ठिकाणाला मायदेशाच्या राजधानीचे नाव दिले. धर्मगुरूंनी मिशन सोडून खोबऱ्याच्या व्यापारात पडावे हे आम्हांला रुचत नाही, पण माणसाची घरची ओढ कळते. किरिबातीत आज निम्म्याहून अधिक लोक कथलिक आहेत. माणसांची वस्ती असलेल्या जगात रविवार पहिल्यांदा उगवतो तो यांच्याच बेटांवर. आपल्याकडे शनिवारी दुपारचे साडेतीन वाजतात, तेव्हा किरितिमातीला रविवार सुरू होतो. १९८३ च्या धर्मविधिसंहितेप्रमाणे आदल्या सायंकाळची मिस्सा रविवारचीच धरली जाते. तेव्हा तेथे शनिवारी सायंकाळी सहाला घंटा वाजली, तर आपल्या घड्याळात शनिवार सकाळचे साडेनऊ झालेले असतात आणि आपल्या घरचे बाजारातून मासळी घेऊन अजून परतलेलेही नसतात.

सर्वांत अलीकडची आणि सर्वांत बोलकी गोष्ट सामोआची. या देशाने एक दिवस दोनदा जगून पाहिला आहे आणि एक दिवस अजिबात जगलेला नाही. १८९२ साली अमेरिकन व्यापाऱ्यांच्या सोयीसाठी तेथील राजाने अमेरिकेचा वार घेतला आणि सोमवार, ४ जुलै लागोपाठ दोनदा आला. सव्वाशे वर्षे होता होता व्यापार ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडकडे वळला, मुलेबाळेही पोटासाठी तिकडेच गेली. आपण रविवारी देवळात असतो तेव्हा सिडनीला सोमवारचे व्यवहार सुरू झालेले असतात, असे तेव्हाचे पंतप्रधान तुईलाएपा यांचे म्हणणे होते. (याच सरकारने २००९ साली मोटारी रस्त्याच्या उजवीकडून डावीकडे आणल्या होत्या. सामोआच्या जनतेच्या सहनशीलतेला दाद दिली पाहिजे.) शेवटी गुरुवार, २९ डिसेंबर २०११ नंतर शनिवार, ३१ डिसेंबर आला. शुक्रवार उजाडला नाही, पण त्या दिवसाचा पगार नोकरांना द्यावा असा हुकूम होता.

पंचांग काढून पाहिले तर आणखी एक गोष्ट नजरेस येते. २०११ साली नाताळ रविवारी आला होता. ज्या वर्षी तो रविवारी येतो, त्या वर्षी पवित्र कुटुंबाचा सण ३० डिसेंबरला पडतो. म्हणजे सामोआने जो एकच दिवस गाळला, तो येशू, मरिया आणि योसेफ यांच्या घराच्या सणाचा. आणि हे सारे केले ते का, तर दूरदेशी गेलेल्या आपल्या माणसांशी वार जुळावा म्हणून!

शब्बाथ पाळणाऱ्या ॲडव्हेंटिस्ट बांधवांपुढे तर त्या दिवशी मोठाच पेच पडला. त्यांची उपासना शनिवारची. आता सरकारी शनिवार धरावा, की सातांची जुनी साखळी न तोडता मोजून येणारा दिवस, ज्याला सरकार रविवार म्हणते तो? काही मंडळ्यांनी एक मार्ग धरला, काहींनी दुसरा. शेजारच्या टोंगा देशात त्यांच्या मंडळ्या फार पूर्वीपासून रविवारीच शब्बाथ पाळतात, कारण ती रेषा तेथे वाकडी आहे आणि सरळ असती तर तो शनिवार झाला असता. आम्ही त्यांच्या पंथाचे नाही, पण कोणता दिवस देवाचा या प्रश्नासाठी झोप गमावणाऱ्या माणसांविषयी आमच्या मनात आदरच आहे.

हे सारे दूरच्या बेटांचे कौतुक म्हणून सोडून देता आले असते. पण वसईतील आणि गोव्यातील ज्या घरांतून माणसे आखातात नोकरीस गेली, त्यांना वेगळा रविवार हा अनुभव नवा नाही. कुवेतमध्ये साप्ताहिक सुट्टी शुक्रवारची व शनिवारची. रविवारी कामावर जावे लागते. म्हणून तेथील चर्चमध्ये शुक्रवारी रविवारचीच उपासना होते, तीच वाचने, तोच ‘गौरव’, आणि गर्दी इतकी की लोक अंगणात उभे राहतात. दुबईतही हीच रीत होती. १ जानेवारी २०२२ पासून त्या देशाने सुट्टी शनिवार-रविवारी नेली, तेव्हा कित्येक वर्षे शुक्रवारी ‘रविवारची मिस्सा’ ऐकत वाढलेल्या मुलांना खरा रविवार मोकळा मिळाला. ‘खरा’ हा शब्द आम्ही सवयीने लिहून गेलो. दोन आठवड्यांचे काम संपवून शुक्रवारी दोन बस बदलून चर्च गाठणाऱ्या कामगाराला त्याचा शुक्रवार खरा नव्हता, असे सांगण्याचे धैर्य आम्हांला होणार नाही.

सामोआने रेषा ओलांडली, पण शेजारचा अमेरिकन सामोआ तेथेच राहिला. दोहोंत विमानाने अर्ध्या-पाऊण तासाचे अंतर. भाषा एक, गोत एक, घड्याळातील काटेही अगदी तेच. फक्त वार एकाने मागे. आपिया शहरात रविवारची सकाळची मिस्सा ऐकून कोणी आजीबाई विमानात बसल्या, तर पलीकडे पागो पागोला शनिवारी उतरतील. रात्री लेकीच्या घरी झोपतील, आणि सकाळी उठून नातवंडांचा हात धरून पुन्हा रविवारच्या मिस्सेला जातील. तेच वाचन, तेच शुभवर्तमान, कदाचित प्रवचन वेगळे.

निर्जन बेटे सोडली, तर पृथ्वीवर रविवार चोवीस तास टिकत नाही. तो चांगला एकोणपन्नास तास राहतो. किरितिमातीला तो सुरू होतो आपल्या शनिवारी दुपारी साडेतीनला. मग तो फिजी, सिडनी, मनिला, मकाऊ करीत आपल्या धर्मग्रामात येतो. पुढे कुवेत, रोम, लिस्बन. मग डॉमिनिका, मेक्सिको, आणि सिटका. आपला रविवार संपतो, सोमवार उजाडतो, माणसे कामावर जातात. दुपारी साडेचारला मुले दप्तरे टाकून पाणी मागत असतात, तेव्हा पागो पागोला रविवारची मध्यरात्र होत असते.